नोआ, मिआ आणि चार भाषांचा देश

दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास न्यूशातेल इथल्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयातून एक यादी बाहेर पडते. आदल्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या मुलांना आईबापांनी कोणती नावं ठेवली, याची ही यादी. लोकसंख्येचे आणि महागाईचे आकडे याच कार्यालयातून येतात आणि ते वाचणारे ठरावीक लोक असतात. नावांची यादी मात्र सगळेच वाचतात. नुकतंच मूल झालेले, होऊ घातलेले, नातवंडांची वाट पाहणारे, आणि आपलं स्वतःचं नाव आता कुणी ठेवतं का हे पाहू इच्छिणारेही.

ही यादी खरं तर एक नसते. देशाची एक, आणि तिच्याखाली जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषाप्रदेशांच्या चार. १९९८ सालापासून प्रत्येक प्रदेशाचे आकडे वेगळे मिळतात. एका छोट्या देशात, ज्याची लोकसंख्या नव्वद लाखांच्या घरात आहे, मुलांच्या नावांची मोजणी चार वेळा वेगवेगळी करावी लागते, यातच या पुस्तकाच्या विषयाचं बीज आहे. एरवी नावांच्या याद्या फॅशन सांगतात. स्वित्झर्लंडमधली यादी त्याशिवाय आणखी एक गोष्ट सांगते: चार भाषा बोलणारे लोक एकमेकांच्या किती जवळ आले आणि कुठे दूर राहिले.

आधी या भाषांचा हिशेब. सुमारे बासष्ट टक्के लोकांची मुख्य भाषा जर्मन आहे, म्हणजे बोलण्यात स्विस जर्मन. तेवीस टक्क्यांच्या आसपास फ्रेंच, आठ टक्के इटालियन, आणि जेमतेम अर्धा टक्का रोमान्श. हे प्रदेश नकाशावर बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. पश्चिमेला फ्रेंच, आल्प्सच्या दक्षिण उतारावर टिचिनोत इटालियन, आग्नेयेकडच्या ग्राउब्युंडेन प्रांतातल्या खोऱ्यांमध्ये रोमान्श, आणि उरलेल्या मोठ्या भागात जर्मन. फ्रेंच आणि जर्मन भागांमधल्या अदृश्य सीमेला लोक 'रोश्टीग्राबेन' म्हणतात. रोश्टी हा किसलेल्या बटाट्याचा जर्मन स्विस लोकांचा आवडता पदार्थ, ग्राबेन म्हणजे खंदक. सार्वमताचे निकाल आले की हा खंदक कुठे दिसतो आणि कुठे बुजतो याची चर्चा हमखास होते.

या देशाने स्वतःच्या नावाचा प्रश्न कसा सोडवला ते इथेच सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. १८४८ साली आधुनिक संघराज्य उभं राहिलं. १८५० साली पहिली संघीय नाणी पाडली गेली, तेव्हा त्यांवर श्वाइट्स लिहायचं, स्विस लिहायचं की स्विझ्झेरा? राज्यकर्त्यांनी यातलं काहीच लिहिलं नाही. त्यांनी 'हेल्वेतिया' हा लॅटिन शब्द घेतला, जो कुणाचीच मातृभाषा नव्हता आणि म्हणून कुणालाच परका नव्हता. टपाल तिकिटांवर आजही तेच नाव आहे, आणि मोटारींवरची 'सी-एच' ही अक्षरं लॅटिनमधल्या 'कॉन्फोएदेरात्सिओ हेल्वेतिका'ची आहेत. चारांपैकी एकाला मोठं करण्यापेक्षा सगळ्यांना समान अंतरावर असलेलं पाचवं काहीतरी घ्यायचं, ही तोड राज्याने काढली. माझं म्हणणं असं आहे की आज स्विस आईबाप पाळण्याशी बसून नेमकं हेच करत आहेत.

पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी नावं सगळ्यांची एकच होती, पण रूपं चार होती. ख्रिस्ती संतांची नावं युरोपभर पसरली आणि प्रत्येक भाषेने त्यांना आपल्या जिभेप्रमाणे वळवलं. जर्मन भागातला योहानेस किंवा हान्स, फ्रेंच भागातला झाँ, टिचिनोतला जोव्हान्नी आणि रोमान्श खोऱ्यांतला जिऑन, जॉन किंवा जान, हे सगळे एकाच संताच्या नावाचे. याकोब, झाक, जाकोमो, जाखेन. पेटर, पिएर, पिएत्रो, पेदर. माणसाचं नाव ऐकलं की तो कोणत्या भाषेत प्रार्थना म्हणतो हे कळायचं. देशाच्या लाडक्या दंतकथेचा नायकसुद्धा यातून सुटला नाही. मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणाने उडवणारा तो धनुर्धर जर्मनमध्ये विल्हेल्म टेल, फ्रेंचमध्ये गियोम टेल, इटालियनमध्ये गुल्येल्मो टेल. एकच वीर, पण प्रत्येक प्रदेशाने त्याला आपल्या घरचं नाव दिलेलं.

शिवाय प्रत्येक प्रदेशाचे आपापले संत होते, आणि ही नावं तर गावाचा पत्ताच सांगत. फेलिक्स आणि रेगुला ही भावंडं झुरिकची आश्रयदाती मानली जातात, म्हणून गेल्या शतकाच्या मध्यात जन्मलेली रेगुला नावाची बाई भेटली की तिची मुळं झुरिकच्या आसपास असतील असा अंदाज सहज बांधला जाई. उर्स हा झोलोथुर्नचा संत. व्हेरेना त्सुर्त्साखची. बेआट थून सरोवराकाठच्या गुहांमधला, ज्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. या नावांना स्वित्झर्लंडबाहेर फारसं कुणी ओळखत नाही. जर्मनीत उर्स किंवा बेआट भेटला, तर तो बहुधा सीमेपलीकडून आलेला असतो. रेटो हे आणखी एक असंच नाव. रोमन काळातल्या रेशिया प्रांतावरून ते घेतलेलं आहे आणि ग्राउब्युंडेनच्या डोंगरांशी जोडलेलं आहे.

स्विस जर्मन लोक ही नावं पूर्ण उच्चारतच नाहीत, हेही इथे सांगून टाकतो. उल्रिखचा उएली होतो, व्हेरेनाची व्हरेनी, याकोबचा कोबी, रुडोल्फचा रुएदी. अशी लाडाची रूपं घरात थांबत नाहीत, ती सार्वजनिक जीवनात येतात. देशाच्या संघीय मंत्रिमंडळात बसलेले उएली माउरर सगळ्या देशाला उएली म्हणूनच माहीत होते. जगाला ठाऊक असलेलं सगळ्यात प्रसिद्ध स्विस नावही असंच आहे. योहाना श्पीरी यांनी १८८० आणि १८८१ मध्ये दोन भागांत लिहिलेल्या कथेतली हायडी मुळात आडेलहाइड आहे. फ्रँकफुर्टच्या घरातली कडक शिस्तीची बाई तिला पूर्ण नावानेच हाक मारते आणि डोंगरातल्या मुलीला ते ओळखीचं वाटत नाही.

फ्रेंच भागाचा इतिहास मात्र वेगळ्या वळणाने गेला, आणि त्यासाठी या पुस्तकात एक अख्खं प्रकरण राखून ठेवलं आहे. सोळाव्या शतकात जिनिव्हाने धर्मसुधारणा स्वीकारली आणि काल्विन तिथला मुख्य धर्मोपदेशक झाला. संतांची पूजा बंद झाली, मग संतांची नावं तरी का चालावीत, असा प्रश्न धर्मोपदेशकांना पडला. त्या काळी जिनिव्हाच्या परिसरात क्लोद हे नाव घरोघरी होतं, कारण जवळच ज्युरा डोंगरात सेंट क्लोदचं मोठं तीर्थक्षेत्र होतं. १५४६ साली आमी शाप्यूई नावाचा न्हावी आपल्या मुलाला बाप्तिस्म्यासाठी घेऊन आला. त्याला मुलाचं नाव क्लोद ठेवायचं होतं. उपदेशकाने त्याला न विचारता पोराचं नाव आब्राहाम ठेवून टाकलं. बाप संतापला, मुलाला परत घेतलं, आणि पोरगा मोठा होऊन स्वतः नाव निवडेपर्यंत तो त्याला बाप्तिस्म्याविना ठेवील असं म्हणाला. चर्चमध्ये गोंधळ माजला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या शासनाने निषिद्ध नावांचा हुकूमच काढला. क्लोद तर बंद झालंच. ख्रिस्ताला वंदायला आलेल्या तीन राजांची नावं, गास्पार, मेल्कियोर आणि बाल्थाझार, बंद झाली. बाप्तिस्त आणि आँज, म्हणजे देवदूत, ही पदांवरून आलेली नावं बंद झाली. एमान्युएल आणि जेझ्यू ही प्रत्यक्ष प्रभूची नावं बंद झाली. तूसाँ, पाक, पाँतकोत, दिमाँश अशी सणावारांची नावं, क्रुआ म्हणजे क्रूस, सेप्युल्क्र म्हणजे थडगं, ही सगळी अडाणी ठरवून बंद केली गेली. त्यांच्या जागी जुन्या करारातली नावं आली: आब्राहाम, इझाक, दाव्हिद, दानियेल. दोन पिढ्यांत लोकांना त्यांची सवय झाली. १७१२ साली जिनिव्हात जन्मलेल्या रूसोचं नाव झाँ-झाक, हे प्रेषितांच्या नावांवरून. पण त्याचे घड्याळजी वडील इझाक होते आणि आजोबा दाव्हिद. त्या हुकमाची छाया रूसोच्या वंशावळीत अशी पडलेली दिसते.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, तो त्यातल्या अतिरेकासाठी नाही. शाप्यूईच्या रागात जे होतं ते पुढच्या चारशे वर्षांत कायद्यात उतरलं: मुलाचं नाव आईबाप ठेवतील, उपदेशक नाही आणि नोंदणी अधिकारीही नाही. आज स्विस नागरी संहितेत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. अधिकाऱ्याला नाव नाकारता येतं ते एकाच कारणाने, मुलाच्या हिताला उघड बाधा येत असेल तर. बंदी असलेल्या नावांची अधिकृत यादी आता नाही.

तरीही चार भाषांनी नोंदणी अधिकाऱ्यांना बरंच कोड्यात टाकलं. पूर्वी असा दंडक होता की नावावरून मूल मुलगा की मुलगी हे कळलं पाहिजे. एका भाषेच्या देशात हा नियम सोपा आहे. स्वित्झर्लंडमध्ये तो प्रत्येक खोऱ्यात वेगळा लागतो. आंद्रेआ हे जर्मन भागात मुलीचं नाव, टिचिनोत आणि एंगाडिन खोऱ्यात मुलाचं. सिमोने इटालियन पुरुष असतो. त्याच अक्षरांनी लिहिलेली सिमॉन फ्रेंच बाई असते आणि जर्मनही. गाब्रिएले जर्मनमध्ये बाई, इटालियनमध्ये बुवा. टिचिनोतलं कुटुंब कामासाठी झुरिकला गेलं की त्यांचा लेक शाळेच्या कागदावर मुलगी होऊन बसायची शक्यता असे. म्हणून लोक दुसरं नाव जोडत. जान-आंद्रेआ हे जोडनाव दिसलं की त्यातला 'जान' मुलगा असल्याची खूण पटवतो. नावाने ओळख सांगावी ही अपेक्षा कायद्याने हळूहळू सैल केली, आणि मला वाटतं ती सैल करण्यावाचून या देशाला दुसरा मार्गच नव्हता.

आता आजच्या याद्यांकडे येऊ.

गेल्या दहा-बारा वर्षांत देशाच्या यादीवर सर्वांत वर मुलांत नोआ आणि लियाम, मुलींत मिआ आणि एम्मा, ही नावं आलटून पालटून दिसतात. २०१९ साली मिआ आणि लियाम होते, २०२० आणि २०२१ मध्ये मिआ आणि नोआ. प्रदेशवार याद्यांत फरक दिसतात. फ्रेंच भागात गाब्रिएलचं प्रस्थ मोठं आहे, टिचिनोत लेओनार्दो आणि सोफिया वर येतात. पण या चौकडीतलं एखादं तरी नाव प्रत्येक प्रदेशात वरच्या भागात सापडतं. हान्स आणि पिएर, उर्सुला आणि झाक्लीन यांच्या काळात असं होणं शक्यच नव्हतं.

या चार नावांचं बारकाईने निरीक्षण करा. सगळी छोटी आहेत. त्यांच्यावर कुठलंही स्वरचिन्ह नाही. 'जे' हे अक्षर नाही, जे जर्मनमध्ये 'य' होतं आणि फ्रेंचमध्ये 'झ'. 'सीएच' नाही, ज्याचा इटालियन 'क' करतात, फ्रेंच 'श' करतात आणि स्विस जर्मन घशातून खरखरता 'ख' करतात. नोआ, मिआ, एम्मा चारही भाषांत जवळजवळ सारखंच म्हटलं जातं. आणखी एक लक्षात घ्यावं: फ्रेंच बायबलमधला नोआ हा नोए आहे, इटालियनमधला नोऐ. फ्रेंच भागातले आईबाप नोए ठेवू शकतात, काही ठेवतातही, पण यादीच्या वरच्या टोकाला आलं ते नोआ. आपल्या भाषेतलं रूप हाताशी असताना त्यांनी सगळ्यांचं रूप पसंत केलं.

लियामची गोष्ट त्याहून मोठी आहे. लियाम हे आयरिश नाव, उइलियाम या आयरिश रूपाचा तुकडा. आणि उइलियाम म्हणजे विल्यम, म्हणजेच विल्हेल्म. विल्हेल्म टेलच्या देशाने विल्हेल्म नाव जवळजवळ सोडून दिलं; जर्मन भागात ते जुनाट वाटू लागलं. मग तेच नाव आयर्लंडहून, इंग्रजीच्या वाटेने, ओळखू न येण्याइतकं बदलून परत आलं आणि पहिल्या क्रमांकावर बसलं. ज्या नावाला पूर्वी विल्हेल्म, गियोम आणि गुल्येल्मो अशी वेगळी रूपं होती, त्याचं आता एकच रूप आहे आणि ते चारांपैकी कुणाच्याच भाषेतलं नाही. मिआही तशीच. ते मारियाचंच आखूड रूप आहे. देशात राहणाऱ्या सगळ्या वयाच्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारं नाव मारिया आहे, आणि पाळण्यातल्या मुलींमध्ये मिआ. आजीचं आणि नातीचं नाव मुळात एकच आहे, हे बहुतेक घरांत कुणाच्या ध्यानीही येत नसेल.

म्हणून जुनी नावं मेली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती मूळ नावं जिवंत आहेत. मेली ती त्यांची प्रादेशिक रूपं. आणि ते नुकसान खरं आहे, ते हलक्याने घेऊ नये. जाखेन नावाचा मुलगा जन्मला की एका खोऱ्याच्या बोलीतला एक उच्चार आणखी ऐंशी वर्षं चालू राहतो. लियाम जन्मला की तसं काही होत नाही.

याद्या वाचताना एक सावधगिरी हवी. 'सर्वांत लोकप्रिय' या शब्दांनी दिशाभूल होते. २०२३ मध्ये देशात सुमारे ऐंशी हजार मुलं जन्मली. त्यांत मुलगे चाळीस हजारांहून थोडे अधिक. पहिल्या क्रमांकाचं नाव अलीकडे काहीशे मुलांनाच मिळतं, म्हणजे शंभरात एखाद्याला. पूर्वीच्या खेड्यात मोजक्या नावांत सगळं गाव सामावलेलं असे, इतकं की एकाच नावाआडनावाची माणसं ओळखण्यासाठी घराण्यांना टोपणनावं द्यावी लागत. आज वर्गात दोन नोआ असले तर तो योगायोग. लोकप्रिय नावंही आता दुर्मिळ आहेत, आणि आईबापांची नावांची आवड पूर्वी कधी नव्हती इतकी पसरलेली आहे. शिवाय लेखनाचा फरक वेगळा मोजला जातो. मात्तेओ, एका 'त'चा मातेओ, आणि फ्रेंच स्वरचिन्हाचा मात्तेओ, हे यादीत तीन वेगळे मुलगे आहेत. सोफियाच्या दोन स्पेलिंगांची बेरीज केली तर क्रमवारी हलते.

रोमान्श यादीचा प्रश्न सगळ्यांत नाजूक आहे. त्या प्रदेशात वर्षाला इतकी थोडी मुलं जन्मतात की तिथलं पहिल्या क्रमांकाचं नावही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच बाळांचं असतं. एका वर्षी पहिलं असलेलं नाव पुढच्या वर्षी यादीत नसतंही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने या यादीला फारसा अर्थ नाही. तरी कार्यालय ती प्रसिद्ध करतं, आणि मला ते योग्य वाटतं. रोमान्श ही २० फेब्रुवारी १९३८ च्या सार्वमताने देशाची चौथी राष्ट्रभाषा झाली. मोठ्या बहुमताने लोकांनी एका लहानशा भाषेला जागा दिली. त्या भाषेच्या पाच लेखी बोली आहेत आणि ती मुख्य भाषा म्हणून बोलणारे चाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. यादीत तिची रांग असणं हा त्या सार्वमताचाच एक धागा आहे.

आणि रोमान्श नावांच्या बाबतीत जे घडलं ते या संपूर्ण विषयातलं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. भाषा आक्रसत गेली, पण तिची नावं डोंगर उतरून शहरांत गेली. आंद्रिन, फ्लुरिन, जान, लादिना, सेराइना, उर्सिना ही नावं आज झुरिकच्या आणि बर्नच्या शाळांत ऐकू येतात, रोमान्शचा एक शब्दही न बोलणाऱ्या घरांतल्या मुलांची. यात एका पुस्तकाचा वाटा नक्कीच आहे. १९४५ साली सेलिना ख्योन्त्स यांनी मजकूर लिहिलेलं आणि आलोइस कारिजिएट यांनी चित्रं काढलेलं 'शेल्लेन-उर्सली' हे बालपुस्तक स्विस मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांनी वाचलं आहे. एंगाडिनमधल्या ग्वार्दा गावावर बेतलेल्या त्या गोष्टीत एक मार्चच्या खालांदामार्त्स सणाच्या मिरवणुकीसाठी उर्सलीला मोठी घंटा हवी असते आणि ती आणायला तो एकटा बर्फातून वरच्या झोपडीत जातो. रोमान्शमध्ये त्याचं नाव उओर्सिन. त्याची बहीण फ्लुरिना, जिच्यावर १९५२ साली वेगळं पुस्तक आलं. कारिजिएट यांना १९६६ मध्ये चित्रकारांसाठीचा पहिला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. जर्मन भागातल्या आईबापांनी लहानपणी ही चित्रं पाहिली होती. फ्लुरिन हे नाव त्यांना बर्फ, घंटा आणि डोंगरातल्या स्वच्छ हवेशी जोडलेलं वाटतं. या आवडीने रोमान्श भाषा वाचणार नाही, हे मला माहीत आहे. नाव ठेवून भाषा शिकल्यासारखं होत नाही. पण रोमान्श न येणाऱ्या माणसाच्या तोंडून दिवसातून वीस वेळा रोमान्श उच्चार निघतो, हेही काही कमी नाही.

इटालियन नावांचा प्रवास यापेक्षा खडतर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडचे रस्ते, धरणं आणि बोगदे बांधायला इटलीतून लाखो मजूर आले. त्यांना हंगामी परवाने मिळत, बायकामुलांना सोबत आणायला मनाई असे, आणि काहींनी मुलं लपवून ठेवली. ७ जून १९७० रोजी परदेशी माणसांची संख्या कायद्याने कमी करावी, या श्वार्त्सेनबाख नावाच्या राजकारण्याच्या प्रस्तावावर सार्वमत झालं. तो फेटाळला गेला, पण शेहेचाळीस टक्के मतदारांनी त्याला पाठिंबा दिला होता. मतदार म्हणजे त्या वेळी फक्त पुरुष. संघीय निवडणुकांत मत देण्याचा हक्क बायकांना पुढच्या वर्षी मिळाला. त्या सार्वमतानंतर तीस वर्षांच्या आत जर्मन भागातल्या घरांत लुका आणि लॉरा, पुढे मात्तेओ आणि एलिओ, ही नावं हौसेने ठेवली जाऊ लागली. त्या मजुरांमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. सुट्टीतला समुद्रकिनारा, इटालियन जेवण, फुटबॉल, स्वरांत संपणाऱ्या नावांचा गोडवा, हे सगळं त्यात आहे. पण ज्या पाहुण्यांचं येणं शेहेचाळीस टक्के लोकांना नको होतं, त्यांच्या नावांनी त्याच लोकांच्या नातवंडांना हाक मारली जाते, ही नोंद केलीच पाहिजे.

आज देशातल्या रहिवाशांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक परदेशी नागरिक आहेत. राष्ट्रीय फुटबॉल संघातली गेल्या काही वर्षांतली नावं वाचली की या देशाच्या पाळण्यांचा नकाशा समोर येतो: ग्रानिट, जेर्दान, यान, रेमो, मानुएल, ब्रेल, रुबेन, सिल्व्हान. पहिली दोन अल्बेनियन. यान हे झाँचं ब्रिटनीतलं रूप, आणि ते नाव असलेला गोलरक्षक यान झोमर फ्रेंच भागातल्या मोर्जमध्ये जन्मलेला, आडनावाने मात्र जर्मन. आणि देशाचा सर्वांत प्रसिद्ध खेळाडू, बाझेलचा फेडरर, आपलं नाव रॉजर असं सांगतो, फ्रेंच स्विस माणूस तीच अक्षरं रोझे वाचत असला तरी. एकेकाचं नाव कसं म्हणायचं हे विचारून घेण्याची या देशाला सवय आहे.

मराठी वाचकाला या पुस्तकाचा संबंध कुठे लागतो? झुरिक आणि बाझेलच्या आसपास बँकांत, औषधनिर्मितीत आणि संगणक क्षेत्रात काम करणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत, आणि त्यांच्या घरांतही पाळणे हलतात. त्यांच्यापुढचा पहिला पेच वेळेचा असतो. आपलं बारसं बाराव्या दिवशी, आत्याने कानात नाव सांगायचं. तिथे जन्माची सूचना तीन दिवसांत नोंदणी कार्यालयाकडे जावी लागते आणि नाव तिच्याबरोबरच कळवायचं असतं. म्हणजे नाव आधी कागदावर येतं आणि आत्याच्या तोंडी नंतर. दुसरा पेच उच्चाराचा. जान्हवीची जर्मन शेजारी यान्हवी करतो आणि फ्रेंच शेजारी झान्हवी. चिन्मयला तीन प्रदेशांत तीन नावं मिळतात, आणि त्यांतलं एकही त्याचं नसतं. म्हणून मीरा, माया, तारा, नील अशी दोन्हीकडे चालणारी नावं अशा घरांत पुढे येतात. ती निवड नोआ आणि मिआच्या निवडीहून वेगळी नाही. तिथल्या फ्रेंच आणि इटालियन आईबापांनीही हाच हिशेब केलेला असतो. आपलं मूल प्रत्येक दारात एका हाकेत ओळखलं जावं, एवढीच त्यामागची इच्छा.

नोंदणीची व्यवस्थाही बदलते आहे. पूर्वी तिथल्या संगणकात युरोपातल्या अनेक भाषांची खुणांकित अक्षरं बसत नव्हती, त्यामुळे क्रोएशियन, तुर्की किंवा पोलिश आईबापांना नावातली खूण गाळावी लागे. २०२४ च्या अखेरीस आलेल्या नव्या प्रणालीत ती अक्षरं लिहिता येतात. देवनागरी अर्थात नाही. पण ज्याचं नाव जसं आहे तसं लिहावं, या दिशेने पडलेलं ते पाऊल आहे.

पुस्तकाच्या वाचनाविषयी थोडं. प्रकरणं सलग वाचली पाहिजेत असं नाही. ज्यांना आकड्यांत रस आहे त्यांनी प्रदेशवार याद्यांपासून सुरुवात करावी, पण रोमान्श यादीतल्या क्रमांकांवरून कुठलाही निष्कर्ष काढू नये. ज्यांना इतिहास हवा त्यांनी जिनिव्हापासून. नावांचे उच्चार देवनागरीत शक्य तितके तिथल्या बोलण्याप्रमाणे दिले आहेत; ती नावं मनात न वाचता मोठ्याने म्हणावीत, कारण त्यांतला निम्मा फरक कानालाच कळतो.

आणि ज्यांच्या घरी तिकडे लवकरच बाळ येणार आहे त्यांना एक विनंती. ठरवलेलं नाव आधी एखाद्या जर्मन, एखाद्या फ्रेंच आणि एखाद्या इटालियन ओळखीच्या माणसाला लिहून दाखवा आणि वाचायला सांगा. चुकलं तर एकदा दुरुस्त करून द्या आणि पुन्हा म्हणून घ्या. दुसऱ्या खेपेला जमलं, तर ते नाव सोडू नका. अल्बेनियन लेखनातली दोन अनोळखी अक्षरं मिळून 'ज' होतो, हे साऱ्या देशाने जेर्दानसाठी शिकून घेतलं. जान्हवीसाठीही ते शिकतील.